तोफांचा कारखाना आणि कागदाचे यंत्र
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यापन करीत असताना औद्योगिक अर्थशास्त्राच्या तासाला मी फळ्यावर एक यादी लिहीत असे. रायफली, जहाजे, ट्रॅक्टर, विमाने, ट्रामगाड्या, रेल्वेची डिझेल इंजिने, मोटारी आणि कागद तयार करण्याची यंत्रे. मग विचारीत असे की, हे सारे करणारा उद्योग कोणाचा? कुणी जपानी घराण्याचे नाव घेई, कुणी आपल्याकडील उद्योगपतीचे. ही फिनलंडमधील ‘वाल्मेट’ नावाची सरकारी कंपनी होती असे सांगितले की वर्गात चुळबुळ सुरू होई. सरकारी कंपनीने इतके उपद्‌व्याप करावेत, हे पाठ्यपुस्तकात बसत नसे. तासाची घंटा होई आणि विषय तेथेच राही. आज घंटा नाही, तेव्हा तो पुरा करतो.

सप्टेंबर १९४४ मध्ये फिनलंडने सोव्हिएत संघाशी शस्त्रसंधी केला. त्या वेळी फिनिश सरकारच्या मालकीचे जे कारखाने होते, ते बहुतेक युद्धाचे होते. युवास्क्युला या गावी रायफलींचा एक व तोफांचा एक, टाम्पेरे येथे विमानांचा, शिवाय जहाजबांधणीच्या गोद्या. युद्ध संपले आणि या मालाचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. यंत्रे शाबूत होती, कसबी कामगार जागेवर होते. करायला मात्र काम नव्हते. त्यातच सोव्हिएत संघाला तीस कोटी डॉलरची युद्धभरपाई द्यायची होती, तीही १९३८ च्या किमतींनी आणि मालाच्या रूपाने. पुढे १९४८ मध्ये हा आकडा कमी करण्यात आला. लाकूड व कागद विकून जगणाऱ्या या देशाकडे मागणी झाली ती मुख्यतः जहाजांची आणि यंत्रसामग्रीची.

मार्च १९४५ च्या निवडणुकीनंतर सोशल डेमोक्रॅट, कम्युनिस्टांचा समावेश असलेली डावी आघाडी आणि शेतकऱ्यांचा पक्ष असे तिघे मिळून सत्तेवर आले. राष्ट्रीयीकरणाचा विचार करण्यासाठी एक समितीही नेमली गेली. तिच्या हातून फारसे काही घडले नाही, समित्यांचे बहुधा असेच होते. मात्र जे कारखाने आधीच सरकारचे होते, ते १९४६ मध्ये एकाच व्यवस्थापनाखाली आणले गेले. ‘सरकारी धातुकारखाने’ अशा अर्थाच्या फिनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून १९५१ मध्ये कंपनीला वाल्मेट हे नाव मिळाले.

आता या यादीकडे पुन्हा पाहा. भांडवलदार नवे उत्पादन निवडतो तेव्हा ‘कशाला भाव आहे?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. येथे पहिला प्रश्न होता, ‘या माणसांना आणि या यंत्रांना काय करता येईल?’ भाव पाहिला गेला नाही असे नव्हे, पण तो नंतर.

रायफलींच्या कारखान्याने ट्रॅक्टर करायला घेतला. का? फिनलंडने गमावलेल्या कारेलिया प्रांतातून चार लाखांहून अधिक माणसे उठून आली होती. १९४५ च्या कायद्याने त्यांना व युद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमिनी दिल्या गेल्या. मोठ्या जमिनी तोडून लहान शेते निर्माण झाली, आणि अशा शेतावर परदेशी बनावटीचा मोठा ट्रॅक्टर परवडणारा नव्हता. वाल्मेटचा पहिला ट्रॅक्टर सुमारे पंधरा अश्वशक्तीचा, घोड्याची जागा घेण्यापुरता. म्हणजे जमीनवाटप आणि यंत्रनिर्मिती या दोन गोष्टी एकाच धोरणाच्या दोन बाजू झाल्या. आपल्या चळवळीत जमिनीचा प्रश्न आणि कारखान्याचा प्रश्न यांवर ठराव वेगळे होतात, शिबिरेही वेगळी भरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पुढे १९५७ मध्ये डिझेल ट्रॅक्टर आला आणि १९६० मध्ये ब्राझीलमध्ये कारखाना निघाला. युद्धकाळात विमानांच्या इंजिनांसाठी लिन्नावुओरी येथे खडकात कोरलेल्या कारखान्यात या ट्रॅक्टरांची डिझेल इंजिने होऊ लागली.

(तुमच्यापैकी काहींच्या मनात एचएमटीचे नाव आले असेल. घड्याळे आणि ट्रॅक्टर दोन्ही करणारी आपली सरकारी कंपनी. ही दोन्ही उत्पादने बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये केंद्राने घेतला. त्यासाठी वेगळे व्याख्यान लागेल.)

त्याहून बोधक कथा तोफांच्या कारखान्याची. कागदाचे यंत्र म्हणजे, थोडक्यात सांगायचे तर, शेकडो फूट लांब रांगेत मांडलेले पोलादी आणि ओतीव रूळ. ओला लगदा जाळीवर पसरतो, दाबला जातो, वाफेने तापवलेल्या रुळांवरून वाळत पुढे सरकतो. प्रत्येक रूळ कित्येक फूट लांब, तरीही त्याच्या गोलाईत केसाएवढाही फरक चालत नाही. फरक पडला की कागद फाटतो. तोफेची नळी अचूक कातणाऱ्या माणसाला हे काम परके नव्हते. १९५० च्या दशकात राउतपोह्या येथील त्या कारखान्यातून कागदयंत्रे बाहेर पडू लागली. निर्यातीसाठी टाम्पेला आणि वार्टसिला या खाजगी कंपन्यांशी हातमिळवणी झाली. पुढे या दोघींचेही कागदयंत्रांचे काम वाल्मेटकडेच आले. टाम्पेलाचे १९९२ मध्ये. ज्या सरकारी कारखान्याला युद्धानंतर टाळे लागू शकले असते, तो जगातील अग्रगण्य कागदयंत्र-उत्पादकांत जाऊन बसला. पण याला तीन-चार दशके लागली. इतका दम धरणारा भागधारक मला माझ्या अभ्यासात क्वचितच भेटला.

बाकीच्या यादीविषयी फार बोलत नाही. हेलसिंकीच्या ट्रामगाड्या, १९८२ मध्ये सुरू झालेल्या तेथील भुयारी रेल्वेचे डबे, वैमानिकांच्या शिक्षणाची विमाने, आणि साबच्या भागीदारीत ऊसिकाउपुंकी येथे १९६९ पासून तयार होणाऱ्या मोटारी, एवढी नोंद पुरे. रायफलीही चालूच राहिल्या. शस्त्रे करणे या कंपनीने कधी पूर्ण सोडले नव्हते, हे आपल्याला रुचो न रुचो, लपवण्यात अर्थ नाही.

तसेच जहाजांचे अपयशही लपवू नये. हेलसिंकीजवळ वुओसारी येथे वाल्मेटने १९७४ मध्ये नवी मोठी गोदी सुरू केली. जगभर जहाजांची मागणी कोसळण्याचाच तो काळ. १९८६ मध्ये वार्टसिलाशी सौदा ठरला: जहाजे त्यांच्याकडे, कागदयंत्रे यांच्याकडे. वुओसारीची गोदी १९८७ मध्ये बंद झाली. जहाजांसाठी निघालेली संयुक्त कंपनी १९८९ मध्ये दिवाळखोरीत गेली. गोदीच्या त्या जागी २००८ पासून मालवाहतुकीचे बंदर आहे. कामगारांचे कसब जपण्याची जी दृष्टी १९४६ मध्ये होती, ती येथे दिसली नाही. आणि मालक तेव्हाही सरकारच होते. मालकी सरकारची असली की दृष्टी आपोआप येते, असे मानणाऱ्यांनी या गोदीचा इतिहास वाचावा.

१९८८ मध्ये वाल्मेटचे भाग शेअरबाजारात आले. त्यानंतर प्रश्नच बदलला. ‘या माणसांना काय करता येईल?’ याऐवजी ‘आपला मुख्य धंदा कोणता?’ असे विचारले जाऊ लागले. ट्रॅक्टरांचा विभाग हात बदलत बदलत २००४ मध्ये एका अमेरिकन कंपनीकडे गेला, जरी ट्रॅक्टर आजही फिनलंडमध्येच सुओलाहती येथे होतात. १९९९ मध्ये राउमा कंपनीशी विलीनीकरण होऊन वाल्मेट हे नाव मागे पडले आणि २०१३ च्या अखेरीस झालेल्या विभाजनात परत आले, ते मुख्यतः कागद, लगदा व ऊर्जा यांची यंत्रसामग्री करणाऱ्या कंपनीचे नाव म्हणून. व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक याला पसारा आवरणे म्हणतात. मला एवढेच विचारायचे आहे की, १९४६ मध्येच पसारा आवरला असता, तर तोफा कातणाऱ्यांच्या हातून कागदाचे यंत्र कसे निघाले असते?

राउतपोह्याचा कारखाना जागेवर आहे. कंपनीच्या भांडवलात फिनिश सरकारचा वाटा सोलिडियम या सरकारी गुंतवणूक कंपनीमार्फत सुमारे दहा टक्के उरला आहे.