खोली डोळ्याला कशी कळते?

मानपूरचा घाट उतरताना एकदा खिडकीबाहेर नीट पाहा. पुढची टेकडी मागच्या टेकडीला झाकते. त्यामागची धुरकट होत जाते. रस्त्याकडेची झाडे भराभर मागे पळतात आणि दूरचे डोंगर आपल्याबरोबरच चालत राहतात. दोन डोळ्यांच्या जोडीला अशा खुणा असतात, म्हणून अंतर कळते. आपल्या इंदूरच्या चित्रकला विद्यालयात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे शिकले. सपाट कागदावर निसर्ग उभा करणाऱ्या चित्रकाराला याच खुणांचा आधार असतो.

आता शस्त्रक्रियेच्या टेबलाशी जाऊ. 'ऑगमेंटेड रिॲलिटी'च्या चष्म्यातून सर्जनला समोरचा रुग्ण दिसतो आणि सीटी स्कॅनवरून तयार केलेले आतल्या गाठीचे चित्रही त्याच जागी दिसते. सोय मोठी, पण फसगतही इथेच आहे. गाठ त्वचेच्या खाली असते, चित्र मात्र त्वचेला झाकून उमटते. जे झाकते ते जवळचे, हा डोळ्याचा जुना हिशेब. त्यामुळे संगणकाने जागा अचूक दिली तरी गाठ पोटाच्या वर तरंगल्यासारखी भासते. काही मिलिमीटरांची चूकही रक्तवाहिनीला इजा करू शकते.

1992 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बाजुरा, फुक्स आणि ओहबुची यांनी गर्भवतीच्या पोटावर सोनोग्राफीचे चित्र असेच बसवून पाहिले. ते पोटाच्या आत वाटेना, वर चिकटवल्यासारखे वाटे. उपाय साधा होता: पोटावर एक खोटा खड्डा चितारायचा आणि चित्र त्यात ठेवायचे. खड्ड्याची कड आतल्या चित्राचा काही भाग झाकते. डोके हलवले की झाकलेला भाग बदलतो, आणि खोली पटते. सर्जनचा हात मध्ये आला तर त्यानेही चित्र झाकले पाहिजे, नाहीतर डोळा पुन्हा फसतो.

एक अडचण मात्र चितारून सुटत नाही. काही चष्म्यांत चित्राची स्पष्टता सुमारे 2 मीटरवर बांधलेली असते आणि रुग्ण असतो हाताच्या अंतरावर. एकाच वेळी दोन्ही स्वच्छ दिसत नाहीत, डोळे शिणतात.

सगळेच पारदर्शक केले की सगळे दिसते, पण कुठे आहे ते कळत नाही. काय झाकायचे हे ठरवल्याशिवाय खोली दिसत नाही. उद्या घरातल्या कुणाच्या शस्त्रक्रियेत असे यंत्र आले, तर "किती स्पष्ट दिसते?" एवढ्यावर थांबू नका. "किती खोल आहे, हे दुसऱ्या कशाने ताडून पाहता?" हेही डॉक्टरांना जरूर विचारा.