मागच्या बाकावरची मुलगी
(साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकांच्या प्रशिक्षणावर बोला, असे मला सांगितले आहे. पण सुरुवात माझ्याच एका चुकीने करते.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका निवासी शाळेत मी दुसरीला शिकवत होते. वर्गात एक मुलगी होती. हाक मारली तर कधी ओ द्यायची, कधी नुसती बघत राहायची. श्रुतलेखनात पाटी कोरी. घरची बोली पावरी, शाळेची मराठी. म्हणून पहिले सहा महिने मी धरून चालले की भाषा अडते आहे. पुढचे सहा महिने म्हणाले, मुलगी ढ आहे. तिला मागच्या बाकावर बसवले. तिचा कान वाहतो, उशीला वास येतो, हे स्वयंपाकाच्या मावशींना ठाऊक होते. मी त्यांना कधी विचारलेच नाही. तिसरीत दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. मी दोनदा पाड्यावर गेले. दोन्ही वेळा घराला कडी होती.

आज शिबिरात शिक्षक येतात तेव्हा त्यांना तक्ते आणि प्रमाणपत्रे हवी असतात. (तीही देतो, प्रमाणपत्राशिवाय शिबिर झाले असे कुणाला वाटत नाही.) कायदाही थोडक्यात सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, आणि 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण आमचा बहुतेक वेळ एकाच गोष्टीवर जातो: भाषा अडते आहे की कान, हे ओळखायचे कसे?

पहिली विचारपूस घरी. पावरी बोलणारे कुणी सोबत घ्यायचे आणि आईला विचारायचे, "घरात हळू बोललेले हिला कळते का?" घरी कळते आणि शाळेत कळत नाही, तर बहुधा भाषेची अडचण. घरीही ओरडावे लागते, तर कान दाखवायला हवा. मग शाळेत शिक्षक कागदाने तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स असे आवाज काढतो. आवाज ऐकू आला की मुलाने डब्यात एक चिंचोका टाकायचा. इथे शब्द नाहीत, त्यामुळे मराठी न येणारे मूलही मागे पडत नाही. ही काही डॉक्टरांची तपासणी नव्हे. कुणाला आधी डॉक्टरांकडे न्यायचे, एवढे त्यातून कळते.

वर्गातले बदल साधे आहेत. फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही. मुलाला पुढे बसवायचे, बरा कान शिक्षकाच्या बाजूला. दुसऱ्या मुलाने दिलेले उत्तर शिक्षकाने पुन्हा मोठ्याने म्हणायचे.

त्या 21 प्रकारांत सिकलसेलही आहे, हे ऐकून एका शिबिरात एक गुरुजी उभे राहिले. म्हणाले, "बाई, माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. सारखा पाणी मागतो, सारखा बाहेर जायचे म्हणतो. मी नियम केलाय, घंटा होईपर्यंत उठायचे नाही." सगळे गप्प झाले. सिकलसेलच्या मुलाला भरपूर पाणी लागते. पाणी कमी पडले की अंग दुखायला लागते. थंडीत पहाटेच्या कवायतीला त्याला उघड्यावर उभे करू नये. दुखण्याच्या दिवसांत तो घरी राहणारच, तेव्हा बुडालेला धडा त्याच्यासाठी परत घ्यायला हवा. गुरुजींनी नियम मोडला. दोन महिन्यांनी मी त्या वर्गात गेले तेव्हा पाण्याची कळशी त्या मुलाच्या बाकाशेजारी होती.

अशी परतभेट झाली नाही तर शिबिर वाया जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. परतभेटीतच कळले की श्रवणयंत्र सरकारी योजनेतून मिळते, पण त्याची बारीक बॅटरी एक-दोन आठवड्यांत संपते आणि आमच्या बाजारात ती मिळत नाही. फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेले यंत्र मी स्वतः पाहिले आहे. आपल्या देणगीतून आता दोन शाळांत बॅटऱ्यांची डबी ठेवली आहे. सोमवारी हजेरीआधी शिक्षक प्रत्येक यंत्र तपासतात. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आणखी चार शाळांत अशी डबी पोहोचवायची आहे.