एक आवाज, तीन लिप्या

सातपुड्याच्या डोंगरांत, नर्मदेच्या कांठीं मणिबेली हें गांव आहे. १९९८ सालीं नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीं हा मुलूख धुळें जिल्ह्यांत मोडे. १९९३ च्या पावसाळ्यांत सरदार सरोवराचें पाणी मणिबेलीच्या घरांत शिरलें. शूलपाणेश्वराचें जुनें मंदिरहि पुढें जलाशयांत गेलें. त्याच वर्षीं ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीची भूमि हादरली. तेथें हौशी बिनतारीवाले आपापले संच घेऊन गेले व निरोपांची ने-आण त्यांनीं केली. पाणी चढो वा भूमि हादरो, संकटांत सांपडलेल्या माणसास प्रथम दुसऱ्या माणसाचा आवाज हवा असतो. मदत मागावयाची ती त्या आवाजानेंच.

त्या काळच्या संचांचा एक मोठा गुण होता. संच कोणत्याहि कारखान्याचा असो, लहरींचा आंकडा व पद्धत जुळली कीं एकाचें बोलणें दुसऱ्यास कळे. पुढें आवाजाचें अंकांत रूपांतर करण्याची विद्या हौशी मंडळींच्या हातीं आली, आणि हा गुण धोक्यांत आला.

ही विद्या अशी: संच बोलणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा धाडीत नाहीं. त्याची पट्टी, जोर व घडण मोजून त्यांचें वर्णन तो एक आणि शून्य या अंकांत धाडतो. ऐकणारा संच त्या वर्णनावरून आवाज पुन्हां उभा करतो. जपानी हौशी मंडळींच्या संघटनेनें घडविलेल्या ‘डी-स्टार’ पद्धतींत हें वर्णन सेकंदास अवघ्या २४०० अंकांत बसतें. युरोपांतील मानक-संस्थेनें २००५ सालीं धंदेवाईक वापरासाठीं ठरविलेली ‘डी.एम.आर.’ ही दुसरी पद्धत. ती वेळेचे आळीपाळीनें दोन भाग पाडून एकाच वाटेवरून दोन संभाषणें नेते. तिसरी ‘सिस्टिम फ्यूजन’. ती यासू या जपानी कंपनीनें २०१३ सालीं आणली. आवाजाचें वर्णन करणारें यंत्र तिहींसाठीं एकाच अमेरिकन कंपनीच्या विद्येवर चालतें. तरीहि त्याची आवृत्ति, अंकांची मांडणी आणि लहरींवर चढविण्याची रीत यांत भेद आहेत. मराठी एकच, पण मोडी वाचतां न येणाऱ्यास मोडींतलें पत्र कोरें, तशी ही गत आहे.

हौशी माणसास आणखी एक गोष्ट खुपते. आपला संच आपल्या हातानें उघडून पाहावा, ही त्याची परंपरा. आणि हें यंत्र मात्र बंद पेटी. म्हणून ऑस्ट्रेलियांतील डेव्हिड रो यांनीं ‘कोडेक २’ ही सर्वांस खुली रीत रचली, आणि तिच्या आधारें पोलंडमध्यें २०१९ सालीं ‘एम १७’ ही पद्धत सुरू झाली. उपाय स्तुत्य, परंतु त्यानें लिप्यांत आणखी एकीची भरच पडली.

श्रोत्यांनीं मणिबेलीच्या खोऱ्याची कल्पना करावी. नावेंत एक संच, डोंगरावर दुसरा. दोन्ही उत्तम, पण पद्धती निराळ्या. शहरांत अशा दोघांमध्यें आंतरजालावरील दुभाषी यंत्र उभें करतां येतें. संकटकाळीं दऱ्याखोऱ्यांत आंतरजाल गृहीत कसें धरावें? शिवाय अंकीय आवाज ऐकूं येतो तोंवर स्वच्छ येतो. लहर क्षीण झाली कीं एकाएकीं तुटतो. साध्या एफ.एम. मध्यें खरखर वाढत जाते. पण खरखरींतूनहि एखादें गांवाचें नांव, एखादा आंकडा कानीं पडतो.

सुदैवानें या तिन्ही पद्धतींच्या हौशी संचांत साधें एफ.एम. बहुधा असतेंच. तेव्हां नव्या विद्येचा त्याग करण्याचें कारण नाहीं. मात्र प्रत्येक मंडळानें संकटासाठीं एक समाईक लहर व एक समाईक पद्धत आधींच ठरवावी, आणि तिचा सराव पाणी चढण्यापूर्वीं करावा. नावेंतल्या माणसास संच कोणत्या कारखान्याचा, हें विचारावयास तेव्हां सवड नसते.