बदला घेतला, पुढे काय?



स्टीग लार्सन हे स्वीडनमधले पत्रकार. अतिउजव्या गटांचा त्यांचा अभ्यास मोठा. २००४ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी त्यांची पहिली गुन्हेगारी कादंबरी आली: 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'. मूळ स्वीडिश नावाचा अर्थ आहे, स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष.

नायिका लिस्बेथ सालांडर हॅकर आहे. स्वतःचे व्यवहार पाहायला कायद्याने तिला अक्षम ठरवलंय. नेमून दिलेला पालकच तिच्यावर बलात्कार करतो. ती त्याला बांधते आणि त्याचा गुन्हा त्याच्याच पोटावर गोंदते. वाचताना आपल्याला बरं वाटतं. पण कागदोपत्री ती अक्षमच राहते, आणि तो माणूस पुढच्या भागात तिच्याविरुद्ध कट रचतो.

तिची सुटका होते तिसऱ्या भागात. डोक्यात गोळी लागलेली लिस्बेथ गोथेनबर्गच्या इस्पितळात आपली हकिगत लिहून काढते. कोर्टात मनोविकारतज्ज्ञ म्हणतो, बलात्कार हा तिच्या मनाचा खेळ आहे. तेव्हा तिची वकील अनिका जियानिनी चित्रफीत लावते. छुप्या कॅमेऱ्याने ती लिस्बेथनेच टिपलेली असते. त्यानंतर तिचे हक्क तिला परत मिळतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे नोंद नसेल, तर बिघाड कुणी मानत नाही. अन्यायाचंही तसंच आहे. तारीख, फोटो, मेडिकल रिपोर्ट जपा, वकील गाठा.

'बदला घे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोर्टाच्या तारखेला सोबत येऊन बसणारे कमी. आपण ते होऊया.