पगाराची चिठ्ठी आणि वाण्याची यादी

(मंडळाच्या मासिक सभेत अंबरपेठ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या सभेत एक वाद अर्धवट राहिला, तो आपल्या लक्षात असेलच. तरुण मंडळी म्हणत होती, "पुण्यात पगार जास्त, इथे राहून काय मिळणार?" वडीलधारे म्हणत होते, "इथे स्वस्ताई आहे, तिकडे जाऊन भाड्यातच मराल." शेवटी काही सभासदांनी ठराव मांडला की, आपल्या मुलांचे भवितव्य महाराष्ट्रातच आहे असे मंडळाने जाहीर करावे आणि तसा प्रयत्न करावा. अध्यक्ष आम्हाला म्हणाले, "तुम्ही बँकेत आहात, आकडे घेऊन या." आकडे आणले आहेत. पण ते ऐकून कोणताच पक्ष फारसा खूश होईल असे वाटत नाही.

सुरुवात जुन्या गोष्टीने करतो. आमचे आजोबा निजामी अमलात तहसील कचेरीत कारकून होते. त्यांचे चुलतभाऊ सोलापूरला, म्हणजे इंग्रजी हद्दीत. आजोबांचा पगार सत्तर रुपये, चुलत आजोबांचा साठ. घरात आजोबांचा मान मोठा. पण आजोबांचे सत्तर हाली शिक्क्याचे आणि तिकडचे साठ कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार हा त्या वेळचा हिशेब आपल्यातल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. म्हणजे दोघांचा पगार अगदी सारखा! हाली शिक्का १९५९ साली कायमचा गेला, पण समजुतीतला घोटाळा गेला नाही. आजही आपण दोन गावांचे पगार शेजारी ठेवतो आणि मोठ्या आकड्याकडे पाहतो.

आता आमच्या खात्याचे सांगतो. बँकेतल्या कारकुनाची वेतनश्रेणी लातूरला, मुंबईला आणि अंबरपेठेत एकच. महागाई भत्ताही एकच, कारण तो औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय निर्देशांकावर ठरतो. घरभाडे भत्ता पूर्वी गावाप्रमाणे कमीजास्त असे, २०२०च्या अकराव्या द्विपक्षीय करारात तोही कारकुनांसाठी सगळीकडे १०.२५ टक्के झाला. केंद्र सरकारच्या नोकरांचेही फारसे वेगळे नाही. सातव्या वेतन आयोगात मुंबई, पुणे आणि हैदराबाद ही तिन्ही शहरे 'एक्स' वर्गात, भत्ता सारखा. म्हणजे मालाडमध्ये खोली घेऊन राहणारा आमचा सहकारी आणि अंबरपेठेत आजोबांच्या घरात राहणारे आम्ही, सरकारच्या हिशेबी एकसारखे. आता बोला!

निर्देशांकाबद्दल एक खुलासा करावा लागेल, कारण गेल्या सभेत एका मित्रांनी तो चुकीचा वापरला. (ते रागावणार नाहीत, शेजारीच राहतात.) श्रम ब्युरो ८८ केंद्रांचे निर्देशांक काढतो. त्यात हैदराबाद आहे, मुंबई आहे, पुणे आहे. पायाभूत वर्ष २०१६. मित्र म्हणाले की एका शहराचा आकडा दुसऱ्यापेक्षा कमी आहे, म्हणून ते शहर स्वस्त. तसे नाही. २०१६ साली हैदराबादही शंभर होते आणि मुंबईही शंभरच. त्यानंतर कुठे किती भाव चढला, एवढेच तो आकडा सांगतो. एक पोरगा वर्षात दोन इंच वाढला आणि दुसरा एक इंच, एवढ्यावरून दोघांत उंच कोण हे सांगता येत नाही.

मग करांकडे वळू. प्राप्तिकर सगळीकडे एक. १ जुलै २०१७ पासून जीएसटीचे दरही एक. राज्यांच्या हाती उरले ते पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक, व्यवसायकर वगैरे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पेट्रोल दोन रुपयांनी उतरवले, तेव्हा मुंबईत लिटर १०४ रुपये २१ पैसे होते आणि हैदराबादेत १०७ रुपये ४१ पैसे. इथले सरकार पेट्रोलवर ३५.२ टक्के व्हॅट घेत होते, त्याचा हा परिणाम. छे नंबरहून गच्चीबावलीला रोज मोटारसायकलने जाणाऱ्या मुलाला हे वेगळे सांगायला नको.

व्यवसायकर मात्र नीट पाहण्यासारखा आहे. घटनेच्या २७६व्या कलमाने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे आणि ती १९८८ पासून तशीच आहे. वीस हजारांवर पगार असला की तेलंगणात महिना २०० प्रमाणे वर्षाचे २,४०० होतात. महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३०० घेऊन २,५०० पुरे करतात. फरक शंभर रुपयांचा, त्यावर कोणी गाव सोडणार नाही. पण खालच्या पायरीवर या. बारा हजार पगाराचा शिपाई इथे काहीच भरत नाही, कारण पंधरा हजारांपर्यंत माफी आहे. तोच शिपाई महाराष्ट्रात पुरे अडीच हजार भरतो. उलट बावीस हजार मिळवणारी शिक्षिका महाराष्ट्रात २०२३ पासून मुक्त, तिथे बायकांना पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे. इथे ती २,४०० भरते. मग कोणते राज्य स्वस्त? शिपायाला विचारले तर एक उत्तर, शिक्षिकेला विचारले तर दुसरे.

सवलतींचेही असेच. ९ डिसेंबर २०२३ पासून इथल्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये बायकांना तिकीट नाही. महाराष्ट्राच्या एस.टी.त मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. इथे २०० युनिटपर्यंत वीज फुकट, पण पांढरे रेशन कार्ड असेल तर. आपल्या किती घरांत ते आहे? तिकडे जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना दीड हजार, तिथेही उत्पन्नाची अट. नोकरदारांच्या घरांना दोन्हीकडून फारसे काही मिळत नाही, हे धरूनच आपण हिशेब करावा.

दरडोई उत्पन्नाचा आकडा तर आपले तेलुगू मित्र हमखास तोंडावर फेकतात. २०२३-२४ मध्ये तेलंगणाचे तीन लाखांच्या वर, महाराष्ट्राचे तीन लाखांच्या आत. खरे आहे. पण तेलंगणाची सरासरी रंगारेड्डी जिल्हा वर ओढतो आणि महाराष्ट्राची मुंबई. आपल्यातल्या बहुतेकांची मूळ गावे मराठवाड्यात आहेत, आणि हिंगोली महाराष्ट्राच्या तळाच्या जिल्ह्यांत मोजला जातो. "महाराष्ट्रात जावे" म्हणताना ठराव मांडणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हिंजवडी असते, हिंगोली नसते.

सीमेवरच्या लोकांनी ही तुलना आपल्या आधी केली आहे. तेलंगणाने जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास फुकट वीज दिली आणि त्याच वर्षी रयतू बंधू योजनेत एकरी हंगामाला चार हजार द्यायला सुरुवात केली. लगेच नांदेडच्या धर्माबाद तालुक्यातले सरपंच म्हणू लागले की आम्हाला तेलंगणात घाला. १९५६ साली त्यांच्या वडिलांना मराठी मुलुखात जायचे होते! चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली चौदा गावे तर दोन्ही राज्ये आपली म्हणतात. लोकांकडे दोन रेशन कार्डे, गावात मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा. २०२२ साली महाराजगुड्यातले एक घर वर्तमानपत्रांत गाजले. स्वयंपाकघर तेलंगणात, झोपण्याच्या खोल्या महाराष्ट्रात, आणि घरपट्टी दोघांना. त्या घरच्यांना विचारले पाहिजे, वरण कुठे स्वस्त शिजते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो आमच्याच घरचा आहे. पुतण्याला पुण्यात नोकरी मिळाली. इथल्या नोकरीपेक्षा महिना आठ हजार जास्त. थोरले बंधू म्हणाले, अंबरपेठेचे घर विकू, तीन वाटे करू, आपल्या वाट्यातून पुण्यात फ्लॅट घेऊ. आम्ही रात्री वही घेऊन बसलो. आठ हजार तिकडे भाड्यातच गेले, वर अनामत वेगळी. बंधू म्हणाले, "म्हणजे हैदराबाद स्वस्त!" तेवढ्यात माडीवरचा भाडेकरू महिन्याचे भाडे द्यायला खाली आला. निजामाबादचा मुलगा, पुतण्याच्याच वयाचा, पगारही तेवढाच. त्याच्या पगारातली मोठी रक्कम आमच्याच हातात येते! त्याला हैदराबाद स्वस्त आहे का?

त्या रात्री आम्हाला उमगले ते असे. आपल्याला जी स्वस्ताई वाटते ती तेलंगणाची नाही, ती आजोबांच्या घराची आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना स्वतःच्या घरात राहणाऱ्याचेही अंदाजी भाडे धरतात. आपण ते कधीच धरत नाही. ते धरले की इथला आणि पुण्याचा हिशेब बराच जवळ येतो. आणि वाटे करून घर विकले, तर ही स्वस्ताई त्याच दिवशी संपते. पुण्यात तिसऱ्या हिश्श्यात फ्लॅट येत नाही, कर्ज काढावेच लागते. तो हप्ता आठ हजारांत बसत नाही.

घरपट्टीचेही पाहा. इथे २०१६ साली बाराशेपर्यंत घरपट्टी असणाऱ्यांना १०१ रुपये केली. मुंबईत २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंत माफी. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला चाळीस टक्के सूट होती, मध्ये काढली, २०२३ साली परत दिली. तिन्हीकडे फायदा कोणाला? ज्याचे घर आहे त्याला. भाडेकरूला कोणी विचारले नाही.

हे ऐकून वडीलधाऱ्यांनी जिंकल्याचे समजू नये. ज्या घरात चार भावंडे आणि दोन खोल्या आहेत, त्या घरच्या मुलाला इथे राहा म्हणणे म्हणजे त्याला भाड्याच्या खोलीत पाठवणेच. त्याने जिथे काम चांगले तिथे जावे, पुणे असो की बंगळूर. मात्र जाण्याआधी एक गोष्ट पाहावी. २०१८च्या राष्ट्रपती आदेशाने इथल्या बहुतेक सरकारी जागांत ९५ टक्के स्थानिकांना आहेत, आणि स्थानिक कोण हे शाळेची वर्षे कुठे झाली यावर ठरते. आपली मुले इथे शिकली, म्हणून ती स्थानिक आहेत. नातवंडे पुण्यात शिकली तर इथे ती स्थानिक राहणार नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे असे की मूळ ठराव आहे तसा मंजूर करू नये. त्याऐवजी दोन गोष्टी मागाव्यात. एक, व्यवसायकरात बायकांना महाराष्ट्रासारखी सूट इथल्या सरकारने द्यावी. आपल्या कित्येक लेकी-सुना खाजगी शाळांतून पंधरा ते पंचवीस हजारांवर काम करतात, त्यांना याचा उपयोग होईल. दोन, मंडळाने भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांची यादी करावी. ही घरे वर्गणीला येत नाहीत म्हणून आपल्या वहीतही नाहीत.

आमच्या घरचे विचाराल तर पुतण्या पुण्याला गेला आहे, घर विकलेले नाही. बंधू अजून नाराज आहेत आणि समोरच बसले आहेत.

खजिनदारांकडे कोरे कागद ठेवले आहेत. प्रत्येक घराने एका महिन्याचा खर्च लिहून द्यावा: किराणा, वीज, पेट्रोल, शाळा, औषध. नाव लिहायची गरज नाही. घर स्वतःचे की भाड्याचे, एवढे मात्र सर्वांत वर लिहावे.