तारामतीचे हात



मघाशी विंगेत डोकावलो. सातवीतला एक मुलगा नऊवारी नेसून उभा होता. आई तोंडात पिना धरून निऱ्या खोचत होती आणि तो विचारत होता, "सगळे हसतील का गं?" लिहून आणलेलं भाषण मी तेव्हाच खिशात ठेवलं. आज बोलायचंय अण्णा साळुंकेंविषयी. हे नाव कुणी ऐकलंय? हात वर करा... फारसे नाहीत. म्हणूनच सांगतो.

1912 साल. दादासाहेब फाळके मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' काढायला निघाले. राजा मिळाला, राणी तारामती मिळेना. नाटकात स्त्रीपार्टीला मान होता, बालगंधर्वांचं नाव घरोघरी होतं. पण सिनेमात यायला एकही बाई तयार नव्हती. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात फाळक्यांना अण्णा दिसले. शिडशिडीत, नाजूक हातांचे. पगार महिना दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले.  

हॉटेलात राबणारे अण्णा तारामती झाले. मूकपट होता. संवाद नाही, गाणं नाही. राणीचं सगळं दुःख डोळ्यांनी आणि हातांनीच सांगायचं. दादरला चित्रीकरण चाले, सरस्वतीबाई फाळके उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि लोकांनी ही राणी आपली मानली.

पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम अण्णाच आणि सीताही अण्णाच! सीतेचे दंड जरा जास्तच पिळदार दिसायचे, असं सांगतात. तरी पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत. मला हे फार मोठं वाटतं. दंड लोकांना दिसत होतेच की. पण समोरचा माणूस जीव ओतून काम करतोय, हेही दिसत होतं. नंतर अण्णा कॅमेऱ्यामागे गेले, छायालेखक झाले.

बाळा, विंगेतून ऐकतोयस ना? पदर घसरला तर सावकाश सावर, घाई करू नकोस. आम्ही सगळे समोरच बसलोय.