मुलांना पाण्याचे शिक्षण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा 'शिक्षणाचे महत्त्व' असा काहीसा विषय त्यांच्या मनात असावा. तो विषय वाईट नाही. परंतु या व्यासपीठावर तो इतक्या वेळा झाला आहे, की आपणांस तो माझ्याइतकाच पाठ असेल. मी आज शिक्षणाच्याच, पण पाण्याच्या शिक्षणाविषयी बोलणार आहे. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक प्राथमिक शिक्षक; वैद्यकाचा वा क्रीडाशास्त्राचा पंडित नव्हे. तथापि उभा जन्म मुलांची हजेरी घेण्यात गेला, आणि हा विषय मला त्या हजेरीनेच दिला.

मे महिन्याच्या सुट्टीत मुले मामाच्या गावी जातात. जूनमध्ये शाळा उघडली की मी नावे पुकारी. एखाद्या वर्षी एखाद्या नावापाशी 'हजर' हा शब्द न येता सारा वर्ग एकाएकी गप्प होई. मग शेजारी बसणारा मुलगा उठून खालच्या आवाजात सांगे, "गुरुजी, तो विहिरीत गेला." माझ्या सेवाकाळात असे चार वेळा घडले. त्या चौघांपैकी दोघांच्या घरी मी भेटीस गेलो असता वडील माणसे पुनःपुन्हा एकच सांगत होती, 'त्याला पोहता येत होते हो!' या एका वाक्याचा अर्थ काय, याचाच विचार मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम प्रश्न केवढा आहे ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. आपल्या देशात २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी पोलिसांकडे नोंदलेले असे मृत्यू ३५ हजारांहून अधिक होते. साथीचा रोग आला तर आपण लस शोधतो. पाण्याने मूल गेले तर 'त्याचे आयुष्य तेवढेच' म्हणून मोकळे होतो. मला हे पटत नाही.

आता 'पोहता येणे' म्हणजे काय? आमच्या लहानपणी पाठीला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड वा पांगाऱ्याचा बिंडा बांधीत आणि विहिरीत सोडीत. पुढे डालड्याचा रिकामा डबा आला, मग मोटारीची ट्यूब आली. काही काकामंडळी तर सांगडीचाही खटाटोप न करता मुलाला वरून ढकलून देत; जो हातपाय मारून वर आला तो पोहणारा, आणि जो भ्याला तो जन्मभर पाण्यापासून दूर! या रीतीचे कौतुक अजूनही गप्पांतून ऐकू येते. मी तिचा पुरस्कर्ता नाही. सांगड उपयोगी आहे, पण ती शिकवणाऱ्याचा हात हलका करण्यापुरती. ती बांधून मुलाला एकटे सोडणे म्हणजे राखणदाराचे काम दोरीवर सोपविणे होय. शिवाय या रीतीने मूल ओळखीच्या विहिरीत, ओळखीच्या पायऱ्यांपाशी, सोबत्यांच्या गलक्यात चार हात मारावयास शिकते. तेच मूल परक्या पाण्यात, अंगात कपडे असता, पाय घसरून अकस्मात पडले म्हणजे त्याची ती विद्या कामास येईलच असे नाही. सूर मारणे आणि मुटका मारणे ही पाण्यातील मौज झाली. पाण्यातून जिवंत बाहेर येणे ही निराळी विद्या आहे, आणि तीच प्रथम शिकवावयास हवी.

पाणीही बदलले आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि कोरडवाहू शिवारातून ठिकठिकाणी तळी दिसू लागली. शेतकऱ्याला त्यांचा मोठा आधार आहे; त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण त्यांची रचना पाहा. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. चारी बाजू उतरत्या, आणि पाणी मुरू नये म्हणून त्यांवर प्लॅस्टिकचे अस्तर. ते ओले झाले व त्यावर शेवाळ धरले, की त्यावर पाय ठरत नाही. जुन्या विहिरीला निदान कपार असे, दगडाची खोबण असे, पायरी असे. इथे काठ हातभर अंतरावर दिसतो आणि हाताला काहीच लागत नाही. चांगला पोहणारा गडीसुद्धा काठाशीच दमून खाली जातो, मग मुलाची काय कथा! यावर उपाय अगदी स्वस्त आहे. प्रत्येक बाजूने गाठी मारलेला जाड दोर वरच्या खुंट्याला पक्का बांधून पाण्यात सोडावा, जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर शिडीसारखे ठेवावेत, आणि भोवती कुंपण घालून फाटकाला कडी लावावी. ज्याने तळ्यासाठी एवढा खर्च केला त्याला हा खर्च जड नाही. नदीचेही तसेच. वाळू उपसल्याने पात्रात जे खड्डे पडतात ते वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालणारे मूल पुढच्याच पावलाला डोहात जाते.

आता मुलांना शिकवावे काय? सहा वर्षांच्या सुमारास आरंभ करावा. त्याहून लहान मुलाला पाण्याची ओळख करून द्यावयास हरकत नाही, परंतु त्याचे खरे संरक्षण म्हणजे कुंपण, झाकण आणि हाताच्या अंतरावर असलेले मोठे माणूस. बादलीभर पाण्यातही रांगते मूल बुडते, हे आयाबहिणींनी ध्यानात ठेवावे. मोठ्या मुलाला छातीइतक्या पाण्यात उभे करावे. एका शिक्षकाकडे चार-पाचांहून अधिक मुले नसावीत. पहिला धडा श्वासाचा: तोंड पाण्यात घालून फुगे सोडणे. दुसरा उताणे तरंगण्याचा. डोके मागे, कान पाण्यात, पोट वर, हात पसरलेले. हा धडा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कंटाळवाणा. मुले तो टाळू पाहतात, शिक्षकाने टाळू देऊ नये. घाबरलेले मूल उभे राहू पाहते, म्हणून बुडते. उताणे पडलेल्या मुलाचे नाक पाण्याबाहेर राहते आणि त्याला विचार करावयास वेळ मिळतो. नंतर काठावरून पाण्यात पडणे, तेथेच वळणे आणि ज्या काठावरून पडलो तोच पकडणे. मग कोणाच्याही मदतीशिवाय वर चढणे. हे सारे पक्के झाल्यावर हातापायांच्या शैलीकडे वळावे.

आपल्या शेजारच्या बांगलादेशाने हे प्रत्यक्ष करून दाखविले आहे. खेडोपाडी तळी, दाराशीच पाणी, आणि मुले बुडण्याचे प्रमाण भयंकर. तेथे गावातल्याच तळ्यात बांबूचा माचा बांधून, गावातल्याच तरुणांना शिकवून, चार ते बारा वर्षांच्या मुलांचे वर्ग चालविले. परीक्षा साधी: २५ मीटर पोहून जाणे आणि ३० सेकंद तरंगत राहणे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. अगदी लहानग्यांसाठी त्यांनी सकाळी नऊ ते एक बालवाड्या काढल्या, कारण आई कामात असते ती हीच वेळ. पुढे बांगलादेश व आयर्लंड यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली ठराव केला आणि २५ जुलै हा दिवस या कार्यासाठी ठरविला. यात कोठे संगमरवरी तरणतलाव नव्हता, हे विशेष.

भगिनींसाठी एक शब्द. धुणे घेऊन नदीवर जाते मुलगी, विहिरीवर कळशी नेते मुलगी, आणि पोहावयास शिकतो मुलगा! हा उलटा न्याय कोणत्या शास्त्रात सांगितला आहे ते मला ठाऊक नाही. आरती साहा या बंगाली मुलीने १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली. हा मान मिळविणारी ती आशियातील पहिली स्त्री. आपल्या मुलींनी खाडी पार करण्याची गरज नाही. गावची नदी पुरे. पोशाखाची अडचण कोणी सांगतील. हॉलंडमध्ये मुलांची पोहण्याची परीक्षाच अंगात कपडे व पायात बूट असता घेतात, कारण पाण्यात पडणारा कपडे उतरवून पडत नाही. आपल्या मुलींनीही शेवटचे धडे परकर-पोलक्यात किंवा सलवार-कमीजमध्येच गिरवावेत.

मुलांना आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. सोबती बुडू लागला तर मागोमाग उडी घालू नये. बुडणारा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्यात असते, हात वर करण्याचेही बळ नसते, आणि एखाद्या मिनिटात सारे शांत होते. त्याला वाचवावयास जाणाऱ्याला तो मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोन, कधी तीन प्रेते निघतात. काठावर आडवे पडून बांबू पुढे करावा, दोर वा रिकामा बंद डबा फेकावा, लुगडे सोडावे, मोठ्याने हाक मारावी. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरून गरगर फिरविणे वा पोट दाबून पाणी काढणे हा आपला जुना प्रघात घातक आहे. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर तात्काळ तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागी तीस दाब व दोन श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा, आणि कोणीतरी १०८ क्रमांकास कळवावे. मूल शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्यावेच. हा विधी भाषणातून येत नाही. हाताने शिकावा लागतो.

अध्यक्षमहाराज, आता मंडळापुढे सूचना. आपण दरवर्षी गुणवंतांच्या सत्कारासाठी शाली, नारळ व मानचिन्हे यांवर जो खर्च करतो, त्यातून शाली व मानचिन्हे वगळावीत. शिष्यवृत्तीला हात लावू नये. त्या रकमेतून पुढील मे महिन्यात तीन गावी, पायऱ्यांच्या विहिरीवर, दहा-दहा दिवसांचे वर्ग काढावेत आणि आपल्या शेततळ्यांना दोर व टायर पुरवावेत. वर्गांत गावातील कोणत्याही जातीच्या मुलाला मज्जाव असू नये. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे पाणी मोकळे करण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, ते पाणी आपण ज्ञातीच्या नावाने पुन्हा अडवू लागलो तर ते शोभणार नाही. मंडळ ज्ञातीचे आहे, विहीर गावची आहे. कार्यकारी मंडळातील एक-दोघांना हे रुचलेले नाही, हे मी जाणतो. त्यांनी चर्चेच्या वेळी उठून बोलावे, मी उत्तर देईन.

शिकविण्यासाठी निदान बारा उत्तम पोहणारे स्त्री-पुरुष हवेत. चिटणिसांच्या मेजावर वही ठेविली आहे. वयाची अट नाही. पहिले नाव मी माझेच लिहिले आहे. भोजनाची घंटा होण्यापूर्वी उरलेली अकरा नावे यावीत.